विश्लेषण : समुद्रातील मासे मोजतात कसे? मोजणारे सॉफ्टवेअर खुले असण्याने काय फरक पडतो?

उत्तर-पूर्व अटलांटिक महासागरात मॅकरेल नावाचा मासा मोठ्या प्रमाणावर मिळतो. आपल्या बांगड्याच्याच कुळातला हा मासा. २०१९ या वर्षात तो ३ लाख १८ हजार ४०३ टनांपेक्षा जास्त पकडू नये, असा सल्ला ‘इंटरनॅशनल कौन्सिल फॉर द एक्सप्लोरेशन ऑफ द सी’ (आयसीईएस) या संस्थेने २०१८ मध्ये दिला. आधीच्या वर्षीच्या सल्ल्यापेक्षा हा आकडा ४२ टक्क्यांनी कमी होता. मग मे २०१९ मध्ये त्याच संस्थेने त्याच वर्षासाठी नवा आकडा जाहीर केला : ७ लाख ७० हजार ३५८ टन. म्हणजे जवळपास अडीचपट. मधल्या काही महिन्यांत समुद्रात मासे अडीचपट झाले नव्हते. बदलला होता तो हिशेब. हा हिशेब कोण करते, कशावर करते आणि तो बाहेरच्या माणसाला तपासता येतो का, हा प्रश्न आता मत्स्यशास्त्रात महत्त्वाचा झाला आहे.

मासे मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे?

मासे मोजणे हे झाडे मोजण्यासारखेच आहे, फक्त ही झाडे दिसत नाहीत आणि एका जागी उभीही राहत नाहीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन शेफर्ड यांच्या नावावर सांगितला जाणारा हा विनोद या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतो. पाण्याखालचा साठा थेट मोजता येत नाही. म्हणून हाती येणाऱ्या खुणांवरून तो ओळखावा लागतो.

पहिली खूण म्हणजे बंदरावर उतरलेली मासळी. किती टन आली, किती बोटी गेल्या होत्या, किती दिवस समुद्रात होत्या. दुसरी खूण माशाच्या डोक्यात असते. कानाच्या पोकळीतल्या बारीक खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे उमटतात आणि त्यावरून वय कळते. तिसरी खूण संशोधन जहाजांच्या सर्वेक्षणातून मिळते. मॅकरेलच्या बाबतीत दर तीन वर्षांनी समुद्रातली अंडी मोजली जातात आणि एवढी अंडी घालायला किती माद्या लागल्या असतील, हे उलट्या दिशेने काढले जाते. चौथी खूण टॅगची. जिवंत माशाच्या शरीरात सूक्ष्म रेडिओ टॅग बसवून त्याला परत सोडतात. पुढे मासळीच्या कारखान्यात पट्ट्यावरून लाखो मासे सरकत असताना यंत्र तो टॅग टिपते. सोडलेल्यांपैकी किती परत आले, यावरून एकूण मासे किती असावेत, हा अंदाज बांधता येतो.

या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, ही खरी अडचण आहे. अंडी एक सांगतात, टॅग दुसरेच. मग गणिती मॉडेल लागते. त्याचा गाभा साधा आहे. गेल्या वर्षी उरलेले मासे, त्यात नव्याने जन्मलेले मिळवायचे. पकडलेले आणि आपोआप मेलेले वजा करायचे. पण यातला पकडलेल्या माशांचा आकडा सोडला तर बाकी सगळे आकडे अज्ञात असतात. कोणत्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवत ठरवत संगणक हे अज्ञात आकडे शोधतो. विश्वासाच्या या वाटणीला ‘भार’ म्हणू. मॅकरेलचे सगळे रामायण या भारावरून घडले.

मॅकरेलच्या हिशेबात काय बिघडले होते?

मॅकरेलसाठी ‘सॅम’ नावाचे मॉडेल वापरले जाते. ते डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील अँडर्स नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. २०१८ च्या हिशेबात टॅगच्या माहितीचा भार फार वाढला होता. रेडिओ टॅगची माहिती जेमतेम काही वर्षांची होती. अंड्यांची सर्वेक्षणे कित्येक दशकांची. तरीही मॉडेल नव्या टॅगच्या मागे ओढले गेले आणि अंड देणाऱ्या माशांचा साठा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे चित्र उमटले.

परिणाम कागदावर राहिले नाहीत. युरोपीय संघ, नॉर्वे आणि फॅरो बेटे यांनी २०१९ साठी ६ लाख ५३ हजार ४३८ टनांची मर्यादा ठरवली. आदल्या वर्षीच्या मर्यादेपेक्षा सुमारे वीस टक्के कमी, पण सल्ल्याच्या दुपटीहून जास्त. मार्च २०१९ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलने या मासेमारीचे शाश्वततेचे प्रमाणपत्र निलंबित केले. युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये माशाच्या पाकिटावर ती निळी खूण असणे-नसणे हा थेट भावाचा प्रश्न असतो.

मधल्या काळात शास्त्रज्ञांनी टॅगची माहिती पुन्हा चाळली. तिच्यातला कमी विश्वासार्ह भाग बाजूला काढला, भार नव्याने ठरवला, मॉडेल पुन्हा चालवले आणि साठा धोक्याच्या रेषेच्या बराच वर निघाला. हे इतक्या लवकर होऊ शकले, याचे एक कारण असे की ‘सॅम’चा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. त्यात कोणती माहिती भरली आणि कोणते पर्याय निवडले, हेही स्टॉकअसेसमेंट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर पाहता येते. टॅग पूर्ण काढून टाकले तर काय होते? अर्धा भार दिला तर? असे प्रश्न कोणालाही स्वतः चालवून पाहता येतात. ‘आमचे मॉडेल असे म्हणते’ एवढ्यावर वाद थांबत नाही.

असे नेहमीच नव्हते. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडजवळचा कॉड मासा हे याचे जुने आणि कडू उदाहरण. १९८० च्या दशकात सरकारी हिशेब साठा वाढत असल्याचे सांगत होता. किनाऱ्याजवळ छोट्या होड्या घेऊन जाणाऱ्यांच्या जाळ्यात मात्र मासा कमी येत होता. त्यांच्या संघटनेने स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून १९८६ मध्ये हिशेबाची तपासणीही करून घेतली. मोठे ट्रॉलर उरलेल्या माशांचे थवे अचूक शोधून भरभरून पकडत होते आणि हिशेब त्या भरलेल्या जाळ्यांवर विसंबला होता. जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली. न्यूफाउंडलँडमधल्या सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. हिशेब तेव्हा सर्वांसमोर खुला असता तर मासा वाचलाच असता, असा दावा करता येणार नाही. पण छोट्या मच्छीमारांचा आक्षेप सहा वर्षे नुसता आक्षेप म्हणून पडून राहिला नसता.

‘खुले’ म्हणजे फुकट का?

नाही, आणि हा फरक समजायला उष्ण कटिबंधाचेच उदाहरण उत्तम आहे, कारण ते आपल्याही जवळचे आहे.

थंड प्रदेशात हिवाळ्यात माशाची वाढ मंदावते, म्हणून खड्यावरची वर्तुळे ठसठशीत उमटतात. आपल्यासारख्या उष्ण समुद्रात ऋतूंमधला फरक कमी, त्यामुळे वर्तुळे पुसट. वय काढणे कठीण. यावर १९८० च्या सुमारास मनिलामधील एका संशोधन संस्थेत काम करणारे डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्याने वयाऐवजी लांबी वापरण्याची वाट काढली. दर महिन्याला बंदरावर शेकडो मासे फूटपट्टीवर मोजायचे. एका महिन्यात बहुतेक मासे समजा १२ सेंटिमीटरचे असतील, पुढच्या महिन्यात तो पुंजका १३ वर सरकलेला दिसेल. पुंजके सरकण्याच्या वेगावरून वाढीचा वेग काढायचा. या पद्धतीचे नाव ‘एलिफॅन’. ती सुरुवातीच्या छोट्या संगणकांसाठी लिहिली गेली. पुढे १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साथीने तिचा ‘फिसॅट’ हा मोठा प्रोग्रॅम झाला. तो फुकट वाटला गेला. भारतातल्या मत्स्य महाविद्यालयांत एका पिढीने माशांची वाढ आणि मृत्युदर त्यावरच काढले.

फिसॅट फुकट होता, पण बंद पेटीसारखा. आकडे भरा, बटण दाबा, उत्तर घ्या. आत काय झाले, ते वाचता येत नसे. आणि आत बरेच काही घडत असते. वाढीचा वेग आणि माशाची कमाल लांबी हे दोन आकडे पेटीतून बाहेर पडले की त्यांवर पुढचा सारा डोलारा उभा राहतो : एकूण मृत्युदर, त्यातला मासेमारीमुळे होणारा वाटा आणि शेवटी ‘या माशाची अतिमासेमारी होते आहे की नाही’ हा निकाल. पायातला आकडा चुकला तर निकालही चुकतो, आणि पेटी तो दशांश चिन्हासह ठामपणे सांगते.

२०१७ मध्ये टोबियास मिल्डेनबर्गर, मार्क टेलर आणि माथियास वोल्फ यांनी हीच पद्धत ‘ट्रॉपफिशआर’ या नावाने ‘आर’ या मुक्त संगणकभाषेत नव्याने लिहून जाहीर केली. ‘आर’ न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात जन्मली आणि आज जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तीच वापरतात. कोड खुला झाल्यावर दोनच वर्षांत एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. रॉल्फ श्वाम्बॉर्न, मिल्डेनबर्गर आणि टेलर यांनी एकाच माहितीतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढल्यासारखे नमुने निवडले आणि प्रत्येक वेळी वाढीचा वेग नव्याने काढला. उत्तरे एका बिंदूवर जमली नाहीत, दूरवर पसरली. म्हणजे बंद पेटीतून येणारा एकच एक आकडा प्रत्यक्षात एका रुंद पट्ट्याच्या मध्यावर कुठेतरी उभा होता. मूळ पद्धत टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. तिच्या आकड्यांसोबत तो पट्टा सांगितला पाहिजे, हा आहे. फुकट आणि खुले यांतला फरक इथे कामी आला.

थंड देशांतही गाडी अशीच पुढे गेली. मोठ्या मॉडेलांचे इंजिन असलेला डेव्हिड फोर्नियर यांचा ‘एडी मॉडेल बिल्डर’ आधी विकत घ्यावा लागत असे. २००८ मध्ये तो खुला झाला. डेन्मार्कच्या कास्पर क्रिस्टेनसेन यांनी त्याहून वेगवान ‘टीएमबी’ आणला आणि ‘सॅम’ त्यावर चालू लागले. अमेरिकेतील रिचर्ड मेथॉट यांचे ‘स्टॉक सिंथेसिस’ तर आज हिंदी महासागरातल्या ट्यूनाचाही निकाल लावते.

भारताशी आणि महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

ट्यूनाचाच घेऊ. हिंदी महासागरातील पिवळ्या परांच्या ट्यूनाची अतिमासेमारी होत आहे, असे इंडियन ओशन ट्यूना कमिशनने २०१५ मध्ये ठरवले. भारत या आयोगाचा सदस्य आहे. मग कपातीची योजना आली आणि कोणी किती कपात करायची, यावर वर्षानुवर्षे भांडणे झाली. २०२४ मध्ये नवी माहिती आणि बदललेल्या गृहीतकांसह हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा साठा सुरक्षित असल्याचे उत्तर आले. इतका मोठा पालट झाला की ज्यांनी कपात सोसली ते पहिला प्रश्न विचारणार : काय बदलले, मासे की गणित? गणित खुले असेल तरच या प्रश्नाला उत्तर आहे.

महाराष्ट्राचे उदाहरण आणखी बोलके आहे. कोचीस्थित केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय) देशभरच्या बंदरांवर नमुना पद्धतीने मासळीची नोंद ठेवते. या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २ लाख १ हजार टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वात कमी. आता हा आकडा एखाद्या सोप्या मॉडेलला दिला तर? ‘सीएमएसवाय’ नावाचे एक खुले साधन आहे. ज्या देशांकडे सर्वेक्षणाची जहाजे नाहीत, त्यांच्यासाठी ते वरदान मानले जाते, कारण त्याला मुख्यतः दरवर्षी पकडलेल्या माशांचे आकडे पुरतात. पकड वाढत जाऊन एकदम कोसळली, म्हणजे मासा संपत आला, असे समजण्याकडे या जातीच्या साधनांचा कल असतो.

पण २०१९ आठवून पाहा. जूनमध्ये ‘वायू’, सप्टेंबरमध्ये ‘हिक्का’, ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’. अरबी समुद्रात एकामागोमाग चक्रीवादळे आली आणि मासेमारीच्या ऐन हंगामात बोटी बंदरात नांगरून पडल्या. जी बोट गेलीच नाही, तिच्या जाळ्यात मासा कुठून येणार? मॉडेलला फक्त टन दिले आणि समुद्रात घालवलेले दिवस दिले नाहीत, तर वादळाचा दोष ते माशाच्या साठ्यावर टाकेल. डिझेल महागले, खलाशी गावी गेले, भाव पडला म्हणून बोट निघाली नाही, या सगळ्याचे तसेच. शिवाय अशा साधनाला शेवटच्या वर्षी साठा साधारण किती उरला असावा, याचा अंदाज आधीच सांगावा लागतो आणि उत्तर बऱ्याचदा त्या अंदाजाकडेच झुकते. खुल्या कोडचा फायदा एवढा की हा अंदाज कोणी काय दिला, ते दिसते.

सीएमएफआरआयने २०२२ मध्ये देशातील १३५ मत्स्यसाठे तपासून ९१.१ टक्के साठे चांगल्या स्थितीत असल्याचे सांगितले. दुसरीकडे किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मासळी घटल्याची तक्रार कायम आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सरासरी देशाची असते. जाळे मात्र एका गावाचे असते आणि त्यात बोंबील किंवा पापलेट असा ठरावीकच मासा येत असतो. हे अंतर भाषणांनी मिटणार नाही. कोणत्या माशाचा हिशेब कोणत्या बंदरांच्या नोंदींवर झाला, हे उघडून पाहण्यानेच ते कमी होईल.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. अशा मर्यादांमागे मासा किती लांबीला पहिल्यांदा प्रजननक्षम होतो, याचे गणित असते. ते गणित दहा ओळींच्या कोडमध्ये मावते आणि त्याला लागणारी माहिती म्हणजे लांबी व अंडाशयाची अवस्था असे दोन रकाने. पिल्ले जाळ्यात येऊ नयेत, याला मच्छीमारांचा विरोध नसतो. उलट लहान मासळीच्या मारीविरुद्ध बोलणारे पारंपरिक मच्छीमारच पुढे असतात. आपली टोपली एक-दोन सेंटिमीटरने बेकायदा ठरते तेव्हा तो आकडा कुठून आला, हे विचारणे त्यांचा हक्क आहे. उत्तरादाखल शासन निर्णयाची प्रत देण्यापेक्षा ते दोन रकाने देणे जास्त उपयोगाचे.

मग खुले सॉफ्टवेअर हा सगळ्यावर उपाय आहे का?

मॅकरेलचे पुढे काय झाले, ते पाहिले की उत्साहाला आवर बसतो. २०१९ मध्ये हिशेब सुधारला, पण वाटणी सुधारली नाही. कोणत्या देशाने किती मासा घ्यायचा, यावर किनारी देशांचे एकमत झाले नाही. प्रत्येकाने आपापला कोटा जाहीर केला आणि सर्वांची बेरीज वर्षामागून वर्षे सल्ल्याच्या वर जात राहिली. त्यात नवी पिढी कमी जन्मली. २०२५ साठी ५ लाख ७६ हजार ९५८ टनांचा सल्ला होता. २०२६ साठी आयसीईएसने तो १ लाख ७४ हजार ३५७ टनांवर आणला. एका झटक्यात ७० टक्के कपात. या वेळी काही महिन्यांत आकडा परत वर चढेल, अशी आशा बाळगण्याचे कारण दिसत नाही.

आणखी एक अडचण कोडपेक्षा माणसांची आहे. ही साधने बहुतेक वेळा दोन-चार संशोधक सांभाळतात. निधी आटला, नोकरी बदलली की दुरुस्त्या थांबतात. आणि माहितीशिवाय कोड म्हणजे पीठ नसलेली चक्की. बोटीने कुठे मासे पकडले, ही नोंद मालकाचे गुपित असते. ती जशीच्या तशी जाहीर झाली तर उद्या शंभर बोटी त्याच जागी पोहोचतील. त्यामुळे नोंदी काही प्रमाणात झाकून, एकत्र करूनच द्याव्या लागतात. हे झाकणे रास्त आहे. पण झाकणाची सबब पुढे करून सगळेच बंद ठेवण्याची सवय कोणत्याही देशाच्या सरकारी कार्यालयाला पटकन लागते.

सामान्य माणसाला हे पाहता येते का?

येते, आणि त्यासाठी परवानगी लागत नाही. स्टॉकअसेसमेंट डॉट ऑर्गवर युरोपातल्या अनेक साठ्यांचे हिशेब पाहुणा म्हणून मोबाइलवरही उघडतात. साठा, मृत्युदर आणि दरवर्षीची नवी पिढी यांचे आलेख दिसतात. आलेखातल्या जाड रेषेपेक्षा तिच्या भोवतीची राखाडी पट्टी बघावी. शास्त्रज्ञांना किती खात्री आहे, ते तिच्या रुंदीवरून कळते. प्रत्यक्ष चालवून बघायचे तर मात्र लॅपटॉप हवा. ‘आर’ आणि ‘ट्रॉपफिशआर’ दोन्ही विनामूल्य उतरवता येतात, सोबत सरावासाठी नमुन्याची माहितीही मिळते. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी वर्षभर दर महिन्याला आपल्या बंदरावर दोनशे बोंबील फूटपट्टीवर मोजले, तर त्यांच्याकडे हिशेबाला पुरेल एवढी माहिती जमते. खर्च फूटपट्टीचा आणि पहाटे उठण्याचा.